शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा: सांगली जिल्ह्यातल्या शाळांना एक खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील शाळांचे मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पलूस तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. नोकरीला 22 वर्षं झाली. या पत्रात माझी एकच मागणी आहे. 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर आपण शंभर टक्के हजेरीचं जे बक्षीस देतो, ते बंद करा. मागणी छोटी आहे, पण तिच्यामागचं सांगायला जरा जागा लागेल. वेळ काढून वाचावं ही विनंती.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कारखान्यांचा हंगाम भरात होता. रात्री जवळच्या शिवारात कुणीतरी पाचट पेटवलेलं, त्यामुळे सकाळी परिपाठाला उभे राहिलो तेव्हा मैदानावर धूर रेंगाळत होता. प्रार्थना संपता संपता माझ्या वर्गातली एक मुलगी फाटकातून आत आली. आजीची शाल डोक्यावरून गुंडाळलेली, डोळे पाणावलेले, ओठ सुकलेले. कपाळाला हात लावला तर चटकाच बसला. "अगं, घरी झोपायचं नाही का?" म्हटलं. ती म्हणाली, "बाई, मी आलीया. फुली नका मारू."

हजेरीपटावर तिच्या नावापुढे जूनपासून एकही लाल फुली नव्हती. बक्षिसाची कंपासपेटी महिन्याभरावर आली होती. तिच्या आईला मी निरोप धाडला, पण आई भांगलणीला लांबच्या रानात गेलेली. ती येईपर्यंत मुलगी तिच्या नेहमीच्या जागी, दोन मैत्रिणींच्या मध्ये, खोकत बसून राहिली. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या नऊ मुलांच्या नावापुढे फुल्या पडल्या. आणि तिच्या घरी तिचा आठ महिन्यांचा भाऊ आजारी पडला. दूध पिईना, पोट उडायला लागलं, म्हणून रात्री मिरजेला नेलं. सहा दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ठेवलं होतं. बाळ बरं होऊन घरी आलं. त्याला ते बहिणीकडूनच लागलं असं मी म्हणणार नाही, तसं कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही. पण त्या मुलीला तापात शाळेत आणलं ते त्या कंपासपेटीने. आणि कंपासपेटी ठेवली होती मी.

बक्षीस देताना माइकवरून आपण काय बोलतो ते आठवून बघा. "ही मुलं काटक आहेत, यांचा आदर्श घ्या." म्हणजे ज्यांच्या नावापुढे फुल्या पडल्या ती नाजूक, कामचुकार, किंवा त्यांच्या आयांना पोरं सांभाळता येत नाहीत. आपण असं तोंडाने म्हणत नाही, पण समोर मांडी घालून बसलेल्या मुलाला ते बरोबर कळतं. मला हाच समज खोडायचा आहे, कारण आजारी पडणं न पडणं यात मुलाच्या हातात फारच थोडं असतं.

2021 साली लंडनमध्ये एक प्रयोग झाला. 18 ते 29 वयाच्या 36 धडधाकट तरुणांनी स्वतःहून पुढे येऊन नाकात करोनाचा विषाणू घालून घेतला. सगळ्यांना मात्रा एकच, एका बारीक थेंबात मावेल एवढी. आधी कुणाला करोना झालेला नव्हता, लस कुणी घेतलेली नव्हती. 34 जणांच्या नोंदी अखेर हिशेबात धरल्या, तर लागण झाली होती 18 जणांना. बाकीच्यांच्या शरीरात विषाणूला बस्तान बसवता आलं नाही. वय सारखं, मात्रा सारखी, घालण्याची पद्धत सारखी, तरी अर्धे सुटले. माझ्या वर्गात तर यातलं काहीच सारखं नाही. कुणी शेतकऱ्याचं, कुणी एमआयडीसीतल्या कामगाराचं, कुणी ऊसतोडीच्या टोळीतलं.

मग फरक पडतो कुठे? पहिला सामना नाकातच होतो. नाकाच्या आतल्या पेशींवर अतिशय बारीक लव असते. ती सतत हलत राहते आणि शेंबडात अडकलेली घाण घशाकडे ढकलते. त्या पेशींना विषाणू दिसला की त्या इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडतात. आपल्या शाळेची घंटाच समजा. ती वाजली की शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. एखाद्याची घंटा लगेच वाजते, एखाद्याची उशिरा, आणि तेवढ्या उशिरात विषाणू आपली लाखो पिल्लं काढून मोकळा होतो. लहान मुलांच्या नाकातली ही घंटा मोठ्यांपेक्षा अधिक सज्ज असते, असं करोनाच्या काळातल्या अभ्यासांत दिसलं. म्हणून पुष्कळ मुलांना करोना नुसता चाटून गेला आणि घरातले आजोबा मात्र दवाखान्यात गेले.

त्या काळात आपल्या गावोगावी एक वाक्य ऐकू यायचं. "तालमीतला गडी गेला आणि नव्वदीची म्हातारी बरी होऊन आली." लोक याला नशीब म्हणायचे. 2020 मध्येच संशोधकांना त्यातलं एक कारण सापडलं. करोनाने अत्यवस्थ झालेल्या दर दहा रुग्णांमागे साधारण एकाच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) होती. शरीराने आपल्याच घंटेचा लोलक काढून ठेवलेला. असे रुग्ण बहुतेक सगळे पुरुष होते, आणि वय वाढतं तसं या गोष्टीचं प्रमाणही वाढतं. वरून माणूस पहाडासारखा दिसतो, जोर-बैठका मारतो, आणि आत काय आहे याची त्यालाही कल्पना नसते.

दुसरं कारण आणखी जुनं आहे. आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर एक तुकडा असा आहे की तो ज्याच्याकडे असेल त्याला करोना गंभीर होण्याचा धोका वाढतो. स्वांते पेबो आणि ह्यूगो झेबर्ग या शास्त्रज्ञांनी 2020 साली दाखवून दिलं की हा तुकडा निअँडरथल या नामशेष झालेल्या जुन्या मानवजातीकडून आपल्यात आला. त्या लोकांचा आणि आपल्या पूर्वजांचा संबंध आला त्याला पन्नासेक हजार वर्षं झाली. युरोपात हा तुकडा साधारण 16 टक्के लोकांकडे आहे, आपल्या दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांकडे. त्याच निअँडरथलांकडून बाराव्या गुणसूत्रावर आलेला दुसरा एक तुकडा मात्र अतिदक्षता विभागात जाण्याचा धोका सुमारे 22 टक्क्यांनी कमी करतो. एकाच घरातल्या दोन सख्ख्या भावांत एकाकडे हा येईल, दुसऱ्याकडे तो. याचं बक्षीस कुणाला द्यायचं, आणि फुली कुणाच्या नावापुढे मारायची?

आता शाळेच्या कामाची गोष्ट. सर्दी करणारे विषाणू 200 हून जास्त आहेत. नुसत्या रायनोव्हायरसचेच 160 च्या वर प्रकार आहेत. एकाची ओळख झाली म्हणून दुसरा सोडत नाही. म्हणून लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं बालरोगतज्ज्ञ नेहमीचंच मानतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरायला हवी. मग ज्या मुलाला सहा वेळा सर्दी-ताप होऊन गेला आणि ज्याची फुली एकही नाही, ते मूल त्या दिवसांत कुठे होतं? आपल्याच वर्गात होतं.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत नाक वाहतंय, बाहीला पुसतोय, पण ताप म्हणून कधी नाही. तीन वर्षं सलग बक्षीस त्याचं. गुणी पोर, त्याला मी बोल लावत नाही. पण ज्याला विषाणू त्रास देत नाही तो विषाणू दुसऱ्याला देत नाही, असं काही नसतं. कधी कधी तर तोच जास्त देतो, कारण तो अंथरुणावर पडत नाही, सगळीकडे फिरतो. आपण ज्याला काटक म्हणून मंचावर बोलावतो, त्याच्याच बाकावरची मुलगी दर महिन्याला आजारी पडत असते. दोघांच्या नाकात तोच विषाणू असू शकतो.

काही मुलं पहिलीत आली की सारखी आजारी का पडतात, असं पालक मला विचारतात. विशेषतः एकुलती एक, घरातच वाढलेली. अमेरिकेतल्या ॲरिझोनात शास्त्रज्ञांनी मुलांच्या एका गटाची जन्मापासून तेराव्या वर्षापर्यंत पाहणी केली. जी मुलं लहानपणीच मोठ्या पाळणाघरात गेली, ती दोन वर्षांची असताना जास्त वेळा सर्दीने पडली आणि सहा ते अकराव्या वर्षी कमी वेळा. तेराव्या वर्षी सगळी सारखी झाली. म्हणजे हा पाढा प्रत्येकाला म्हणावाच लागतो. कुणी अंगणवाडीत म्हणतं, कुणी आपल्या वर्गात येऊन.

शरीराचा पहिला धडाही लक्षात राहतो. 2009 ची स्वाइन फ्लूची साथ आठवत असेल. देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्ट 2009 ला पुण्यात झाला, शाळेत जाणाऱ्या 14 वर्षांच्या मुलीचा. त्या साथीत तरुण माणसं आणि गरोदर बायका जास्त सापडल्या. पासष्टीच्या पुढच्यांना लागण त्या मानाने कमी झाली, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांची लहानपणी त्याच घराण्यातल्या विषाणूशी गाठ पडलेली होती. गोवराचं उलट आहे. तो होऊन गेला की शरीर आधी शिकलेले धडेसुद्धा विसरतं, आणि पुढचे कित्येक महिने मूल दुसऱ्या आजारांना बळी पडत राहतं. गोवराची लस चुकवू नका असं पालकसभेत सांगताना मी हेही सांगते.

आणि घरातलं बाळ. ते वर्गात नसतं, पण आपला वर्ग रोज संध्याकाळी त्याच्या पाळण्याजवळ जातो. मोठ्या माणसाची श्वासाची एखादी नळी 8 मिलिमीटर रुंद धरा आणि बाळाची 4. दोघांनाही आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली. मोठ्याची वाट 6 मिलिमीटर उरते, म्हणजे क्षेत्रफळाने निम्म्याहून जास्त उघडी. बाळाची उरते 2, म्हणजे पाऊण वाट बंद. मोठ्याला जी नुसती सर्दी, तिने बाळाचं पोट उडायला लागतं ते यामुळे. हे गणित मी मुलांच्या आयांना फळ्यावर दोन गोल काढून दाखवलं. त्यानंतर चार जणींनी स्वतःहून सांगितलं की ताप असला की आम्ही पोरीला पाठवणार नाही, पण बाई, तुमच्या बक्षिसाचं बघा.

या सगळ्यात जे आपल्या हातात आहे, त्याची वाटणी फार विषम आहे. हंगामात मराठवाड्याकडून टोळ्या येतात. कारखान्याजवळच्या मोकळ्या माळावर कोप्या पडतात. ताडपत्रीच्या आत चूल, चुलीजवळ मुलं. धुराने नाकातली ती लव मंदावते, नळ्या आतून चिडतात. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईबाप पहाटे तीन-चारला तोडीला निघतात, तेव्हा मुलंही उठतात. रात्री गाडी भरून होईपर्यंत झोपत नाहीत. 2015 च्या एका अमेरिकन अभ्यासात 164 निरोगी प्रौढांची झोप आठवडाभर मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू घातले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता, सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या 4.2 पट निघाली. टोळीतलं सात वर्षांचं मूल परिपाठाला उभ्या उभ्या पेंगतं, ते आठवलं की हा आकडा मला टोचतो.

शंभर वर्षांपूर्वीही असंच होतं. 1918 च्या फ्लूने हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं नेली. पाऊसही त्याच वर्षी दगा देऊन गेला होता. मुंबई शहराच्या नोंदी पाहिल्या तर युरोपियनांत हजारी 8.3 माणसं गेली आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हणून नोंदवलं त्यांच्यात हजारी 61.6. विषाणू एकच. एका खोलीत किती जण झोपतात, पोटात काय आहे आणि तोंडात पाणी घालायला घरात कुणी उभं आहे का, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. गेलेली ती माणसं कमी काटक होती असं आज कुणी म्हणणार नाही. मग आपल्या मुलांबद्दल तरी का म्हणायचं?

आपला जिल्हा हळदीचा, त्यामुळे हे वाचून कुणीतरी हळदीच्या दुधाचा विषय काढणारच. माझ्याही घरात ते होतं, घशाला बरं वाटतं, जरूर द्या. पण हळदीचं दूध पिऊनही मूल आजारी पडलं तर आईला दोष देऊ नका.

आता काही मुख्याध्यापक म्हणतील की हजेरी घसरली तर वरून विचारणा होते, आणि बक्षीस नसेल तर पोरं येणार कशी. हजेरीची किंमत मला ठाऊक आहे. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी बसवलेल्या मुलींना मी हाताला धरून शाळेत आणलंय. टोळीतल्या मुलांची नावं लिहून घ्यायला कोप्यांवर गेलेय. पण घरी बसवलेली मुलगी आणि तापाने झोपलेली मुलगी यांना एकच लाल फुली का? हजेरीपटाचा नमुना बदलायला वरून आदेश लागतो. बाजूला एक वही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या वर्गात आता अशी वही आहे. आजारपणाचा दिवस तिच्यात लिहायचा, काय होतंय ते लिहायचं, आणि मूल परत आलं की त्या दिवसांचा अभ्यास आधी त्याला द्यायचा. आठवडाभरात पाच-सहा नावं एकदम दिसली की आरोग्य केंद्राला फोन करायलाही तीच वही कामी येते.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. पुष्कळ आया रोजावर जातात. मूल घरी ठेवायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडतो. शिवाय शाळेतली खिचडी हे काही मुलांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं. आजारी मुलाला घरी ठेवा एवढंच सांगून आपण मोकळे झालो, तर ते मूल उपाशी आणि एकटं राहील. म्हणून असं मूल आलंच, तर त्याला परत हाकलू नका. ऑफिसात किंवा व्हरांड्यात खिडकीजवळ सतरंजी टाका, पाणी द्या, जेवण तिथेच द्या. घर जवळ असेल तर पोषण आहाराचा डबा घरी पोचवायची सोय होते का, हे व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी बघावं. आणि थंडीत आपण वर्गाच्या खिडक्या घट्ट लावून घेतो, त्या समोरासमोरच्या दोन तरी उघड्या ठेवा. धूर असेल त्या सकाळी नाही जमणार, पण बाकीचा दिवस जमतं. किती विषाणू नाकात गेला यावरही पुष्कळ अवलंबून असतं, आणि सगळ्या कारणांत हे एक असं आहे की ते शिपायाला सांगून पाच मिनिटांत दुरुस्त होतं.

आमच्या शाळेच्या समितीची बैठक गेल्या महिन्यात झाली. दीड तास चर्चा झाली, दोन सदस्य शेवटपर्यंत नाराज होते, पण ठराव झाला. या 26 जानेवारीला आमच्याकडे हजेरीचं बक्षीस नसेल. आपल्या समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते आपल्या केंद्रातल्या इतर शाळांनाही कळवावं, एवढं मागते.

कपाटात सात कंपासपेट्या आधीच आणून ठेवलेल्या होत्या. त्या टोळीतल्या सात मुलांना दिल्या. नोव्हेंबरात नावं घातलेली ही मुलं. हजेरीपटावर त्यांच्यापुढचे जूनपासूनचे रकाने कोरेच आहेत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
तालुका पलूस, जिल्हा सांगली